नेटशिवाय उघडणारी वेबसाइट

भाऊंची वेबसाइट मी स्वतःच्या हातानं बसवली. कोणाची मदत घेतली नाही, कोणाला काही विचारलं नाही, आणि या गोष्टीचा मला भारी ताठा होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला बिचारा समजणार नाही.

भाऊ म्हणजे माझे सख्खे भाऊ नव्हेत. एटापल्लीच्या पुढं जंगलात एक गाव आहे, तिथल्या शाळेत मी बारा वर्षं मास्तर होतो. गावच्या देवाचं करायचा मान भाऊंच्या घराकडं. पेरणी कधी, नवं धान्य कधी खायचं, सगळं त्यांच्या तोंडून निघायचं. पहिल्या वर्षी मला गोंडीचा एक शब्द येत नव्हता अन् पोट्ट्यांना मराठीचा. भाऊ संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि मला शिकवायचे. एर म्हणजे पाणी. मीन म्हणजे मासा. मी चुकलो की पोट धरून हसायचे. मास्तरावर हसणारा माणूस मला आयुष्यात तो एकच खपला.

शब्द लिहून घ्यायचं काम त्यांच्या मुलीचं. आई लवकर गेलेली, त्यामुळं पोरगी सारखी बापाच्या मागं मागं. भाऊ शब्द सांगायचे, ती वहीत उतरवायची, मी तपासायचो. नाल्यातल्या माशांची नावं, धानाच्या जातींची नावं, कोणत्या झाडाची साल कशावर चालते ते. अशा चार वह्या भरल्या. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. पुढं ती नर्स झाली, आणि शिकता शिकताच तिनं लग्न करून टाकलं.

तिथं सगळं बिनसलं. इकडं घराघराचे देव मोजलेले असतात. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. ज्यांचे देव सारखे ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. मुलगा शिकलेला, दारूच्या वाटेला न जाणारा, सगळं चांगलं; पण तोही सहा देवांचा आणि हीही सहा देवांची. गावाच्या लेखी हे भावाबहिणीचं लग्न झालं. गाव बैठकीला बसलं. शेवटचा शब्द बोलायचा मान भाऊंचाच होता. स्वतःच्या पोरीपुरती तरी त्यांनी डोळेझाक करावी असं मला मनातून फार वाटत होतं. त्यांनी केली नाही. घरातून तिला बोलावणं जाणार नाही, ती आपणहून येऊन देवासमोर उभी राहिली तर गाव पुढचं पाहील, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि उठून गेले.

मुलगी नवऱ्यासोबत हैदराबादकडं गेली. सात वर्षं ना बापाचा फोन, ना मुलीचा. मला मात्र दर दिवाळीला तिचा मेसेज यायचा, त्यात शेवटी एक ओळ हमखास असायची, बाबा कसे आहेत. मी लिहायचो, बरे आहेत.

मी रिटायर होऊन चामोर्शीला घरी आलो तरी वर्षातून तीन-चारदा भाऊंकडं जायचो. एसटीनं एटापल्ली, पुढं कोणाच्या तरी गाडीवर मागं बसून. मागच्या वर्षी गेलो तर भाऊंचे पाय सुजलेले. चार पावलं चालले की दम लागायचा. गडचिरोलीला दाखवलं, डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं आणि गोळ्यांची पिशवी आढ्याच्या बांबूला टांगून ठेवली.

त्याच दिवशी त्यांनी मला बाजूला बसवलं. एटापल्लीच्या बाजारात कोणाच्या तरी फोनवर त्यांनी दूरदूरच्या माणसांचं बोलणं ऐकलं होतं. कोणी कुठं बसून काही बोलतो आणि कोणीही कुठंही ते ऐकतो, हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

"गुरुजी, त्या वह्यांतलं मी माह्या तोंडानं बोलतो. तुम्ही ते जगात टाका. अन् वरती तिचं नाव लिवा. माह्या नावाच्या वर."

ते पुन्हा म्हणाले, "बोलावणं नाई हे. तिले फक्त पत्ता धाडा. बाकी एक अक्षर नाई."

मला रडू आलं होतं, ते मी खोकून घालवलं. आपला शब्द न मोडता मुलीला हाक मारायची वाट त्या माणसानं शोधून काढली होती. तिनं ते पाहिलं असतं, बापाच्या नावाच्या वर आपलं नाव वाचलं असतं, तर ती आपणहून आली असती. आणि आपणहून आली तर गावाला बोलायला जागा नव्हती. एवढं सगळं त्या एका वेबसाइटवर येऊन थांबलं होतं.

आता मला वेबसाइटमधलं काय कळत होतं? काहीच नाही. पण मी चार लोकांत कबूल करणारा माणूस नव्हे. चामोर्शीत एक कॉम्प्युटर सेंटर आहे, ते चालवणारा माझाच जुना विद्यार्थी. त्याला मी गणितात नापास केलेलं. त्याच्याकडून मी वेबसाइट बनवायची ती फुकटची सिस्टीम आणि तिला लागणारा सर्व्हरचा संच पेनड्राइव्हवर भरून घेतला, आणि ती बसवायची माहिती छापून घेतली, चाळीसेक पानं. तो म्हणाला, गुरुजी, होस्टिंग घेतलं का? मला वाटलं, हा लेकाचा आपल्याला काहीतरी विकायला पाहतो. त्याला म्हटलं, तू तुझं पाहा. तो गप्प बसला. माझ्यापुढं तो चौथीपासून गप्पच बसायचा.

आवाज मी आधीच भरून आणले होते. तीन दिवस भाऊंच्या अंगणात बसलो, मोबाइल त्यांच्या गुडघ्यावर. ते एक शब्द बोलायचे, मग त्याची सगळी कूळकथा. हा मासा कोणत्या दगडाखाली सापडतो, ही साळ कोणाच्या आजीनं कुठून आणली. मधेच दम लागला की थांबायचे, कोंबड्या ओरडायच्या, ते सगळं त्यात आलं आहे. मी काही कापलं नाही.

मग बसवायला घेतलं आणि माझ्या नाकी नऊ आले. पहिल्या दिवशी सर्व्हर सुरूच होईना. लाल अक्षरांत सांगायचा, माझी जागा दुसऱ्याच प्रोग्रामनं अडवली आहे. ती जागा कोणी अडवली हे शोधण्यात दोन दिवस गेले. एका एका प्रोग्रामला हाकलत गेलो तेव्हा तो सुरू झाला. मग सिस्टीमचं पहिलं पान आलं, मला आनंद झाला, नाव-गाव भरलं, बटण दाबलं आणि मोठ्या अक्षरांत वाक्य आलं, डेटाबेसशी संपर्क होऊ शकत नाही. डेटाबेस म्हणजे माहिती साठवायची कोठी. कोठीला कुलूप नव्हतंच आणि मी आपला अडाण्यासारखा पासवर्ड टाकत बसलो होतो, हे आठव्या दिवशी कळलं. पासवर्डची जागा कोरी ठेवायची होती, बस्स. बायकोनं त्या आठवड्यात माझ्याशी बोलणं सोडलं, कारण मी जेवणाच्या ताटावरही चिडत होतो.

पुढं भाऊंचे शब्द टाकले तर गोंडी शब्दांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. कोठी बनवतानाच तिला सांगावं लागतं की देवनागरी येणार आहे. मी सांगितलं नव्हतं. सगळं पाडलं आणि नव्यानं उभं केलं. मग आवाजाच्या फाइली चढेनात, फार मोठ्या आहेत म्हणे. सेटिंगच्या फाइलीत एक आकडा वाढवायचा होता. त्या फाइलीतली अक्षरं मुंग्यांएवढी, मी भिंग घेऊन वाचली. महिना गेला यात. पण झालं. एका दुपारी ब्राउझरमध्ये वर पत्ता टाकला आणि पान उघडलं. वर मुलीचं नाव, खाली भाऊंचं नाव, त्याखाली शब्द, आणि शब्दावर क्लिक केलं की भाऊंचा आवाज. मी एकटाच टाळ्या वाजवायला लागलो. बायको धावत आली, तिला वाटलं डोक्यावर परिणाम झाला.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन गावाला गेलो. भाऊंच्या अंगणात अर्धं गाव जमलं. त्या गावात मोबाइलला रेंज नाही. टेकडीवर एका झाडाखाली उभं राहिलं तर कधीमधी एक दांडी येते, तीही वाऱ्यानं हलल्यासारखी जाते. मी खाटेवर लॅपटॉप ठेवला, पत्ता टाकला, आणि पान झटक्यात उघडलं. गिरक्या नाहीत, वाट पाहणं नाही. गावातला एक जण सैन्यात राहून आलेला, त्यानं विचारलं, गुरुजी, नेट नसून हे कसं उघडून राह्यलं? मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. पण माहीत नाही म्हणायची मला सवय नव्हती. मी म्हणालो, पक्कं काम केलं की असं उघडतं. सगळ्यांना ते पटलं. जिथं सगळ्या गोष्टी नेटवाचून अडतात, तिथं आपल्या भाऊंची वेबसाइट नेट नसताना उघडते, यात त्यांना देवाचाही थोडा हात दिसला असेल. मलासुद्धा दिसला, खोटं कशाला बोलू.

भाऊंना वाचता येत नव्हतं. त्यांनी वरच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हेच का तिचं नाव. मी हो म्हटलं. ते बोट त्यांनी बराच वेळ तिथून काढलं नाही.

परत येताना एटापल्लीला रेंज आली तिथंच एसटी स्टँडवर बसून मुलीला मेसेज केला. भाऊंचा शब्द पाळला, फक्त पत्ता पाठवला, बाकी एक अक्षर नाही. ब्राउझरमध्ये वर जसा दिसत होता तसाच्या तसा, शेवटी भाऊंचं नाव होतं त्याच्यासकट, एकेक अक्षर पडताळून. चार दिवसांनी तिचं उत्तर आलं, गुरुजी, हे उघडत नाही. माझं डोकं फिरलं. महिनाभर रक्त आटवून मी एवढं उभं केलं, भर जंगलात उघडून दाखवलं, आणि हिला मोठ्या शहरात उघडत नाही? मी लिहिलं, "इथं सगळ्यांकडे उघडतं. चूक तुझी आहे. नीट टाइप कर." त्यानंतर तिचा मेसेज आला नाही. नीट टाइप केलं असणार आणि उघडलं असणार, असं मी धरून चाललो.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा भाऊ खाटेवरून उठत नव्हते. पोटापर्यंत सूज आली होती. त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही.

"पाह्यलं का तिनं?"

मी म्हणालो, "पाहिलं, भाऊ."

ते म्हणाले, बरं झालं. मी सांगितलं, की नोकरी आहे तिला, दवाखान्यात सुट्टी लवकर मिळत नाही, येईल. त्यांनी मान हलवली. मी दोन दिवस राहिलो, पण तिचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पत्ताच पाठवायचा हा त्यांचा शब्द मोडून तिला एक फोन करावा, असं माझ्या मनात दोनदा आलं होतं. केला असता तर काय बिघडलं असतं? पण मला वाटलं, तिनं बापाचा आवाज ऐकलाय, आपलं नाव वाचलंय, आता जे व्हायचं ते तिच्या मनानं होऊ दे. अठरा दिवसांनी भाऊ गेले. निरोप मला उशिरा मिळाला, मी पोचलो तेव्हा मातीही झालेली होती. परत येताना मी तिला फोन करून कळवलं.

तिसऱ्या दिवशी ती चामोर्शीला माझ्या दारात उभी राहिली. एकटी, हातात एक बॅग. सात वर्षांनी पाहत होतो. बायकोनं तिला पाणी दिलं, जवळ घेतलं. माझ्या मनात राग होता, तो लपवायची अक्कल मला नव्हती. मी म्हणालो, बाप जिवंत असताना एवढं डोळ्यांनी पाहून आली नाहीस, आता काय उपयोग? तिनं विचारलं, काय पाहून? मी तणतणत लॅपटॉप काढला, पत्ता टाकला, पान तिच्यासमोर उघडलं.

ती वाचत राहिली. पहिल्या ओळीवरच थांबली होती. मग तिनं एका शब्दावर क्लिक केलं आणि खोलीत भाऊंचा आवाज आला, मासा, दगड, नाला, मधेच दम, मागं कोंबड्या. ती खाली जमिनीवर बसली आणि पदर तोंडात धरून रडली. बायकोनं मला डोळ्यांनी बाहेर जायला सांगितलं, मी गेलो नाही.

थोड्या वेळानं तिनं आपला फोन काढला. मी पाठवलेला मेसेज तसाच ठेवला होता. तिनं माझ्यासमोर तो पत्ता दाबला. फोनवर पान सापडत नाही म्हणून आलं. मी फोन हिसकून घेतला, स्वतः टाइप केलं, एकेक अक्षर बोलत बोलत. तेच आलं. मग मी माझ्या मोबाइलवर टाकलं. तिथंही तेच. एवढ्या दिवसांत मी ते दुसऱ्या कशावर उघडून पाहिलंच नव्हतं. कायले पाहू? माझ्या लॅपटॉपवर उघडत होतं.

कपाटातून ती छापलेली पानं काढली. पान उघडलं त्या दिवशी मी बाविसाव्या पानावर होतो, त्यापुढचं वाचायची मला गरज वाटली नव्हती. तेविसाव्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की इथपर्यंत तयार झालेली वेबसाइट फक्त तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर दिसते, जगाला दिसण्यासाठी ती बाहेरच्या सर्व्हरवर ठेवावी लागते, त्यालाच होस्टिंग म्हणतात. तो पत्ताही त्या एका मशीनपुरताच असतो. दुसऱ्यानं टाकला तर त्याचा फोन आपल्या स्वतःच्याच पोटात शोधतो आणि काही नाही म्हणून सांगतो. मी ती ओळ दोनदा वाचली आणि मग तिला मोठ्यानं वाचून दाखवली. वेबसाइट माझ्या लॅपटॉपच्या बाहेर एक पाऊल गेली नव्हती. म्हणून तर ती नेटशिवाय उघडत होती.

तिनं ते पान माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. मग म्हणाली, दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्याला दाखवलं होतं, तो हसला, म्हणाला हा काही पत्ता नाही, कोणीतरी चेष्टा केली तुमची. पण गुरुजी चेष्टा करणार नाहीत हे मला माहीत होतं. मी रोज ड्युटी संपली की दाबून पाहायची.

"मंग तुमचा मेसेज आला, का सगळ्यांकडं उघडते. मले वाटलं, बाबानं सगळ्यांसाठी उघडं ठेवलं अन् माह्यासाठीच बंद करून ठेवलं. गावात नाई येऊ देत, तसंच."

मी हात जोडले. माफी मागायची मला सवय नाही. मी म्हणालो, बाई, चूक माझी आहे. मुलीच्या वयाच्या पोरीला बाई म्हणालो. तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिचं लक्ष दुसरीकडंच होतं.

"बाबानं विचारलं होतं का, मी पाह्यलं का म्हणून?"

बायको माझ्याकडं पाहत होती. नाही म्हण, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

"विचारलं," मी म्हणालो. "मी सांगितलं, पाहिलं तिनं."

"म्हंजे बाबा असं समजून गेला, का मी माहं नाव वाचलं, त्याचा आवाज ऐकला, अन् तरी आली नाई."

मी हो म्हणालो.

तिनं डोळे पुसले, फोन बॅगेत ठेवला आणि विचारलं, एटापल्लीची गाडी किती वाजता आहे. बायको म्हणाली, दोन घास खाऊन जा. ती नको म्हणाली. मी सोबत येतो म्हणालो, त्यालाही नको म्हणाली. देवासमोर मले एकटीलेच उभं राहावं लागते, गुरुजी, एवढंच बोलली आणि पायऱ्या उतरली.